कुद्रेमुखावरचा सत्कार

पर्वताच्या शिखरावर उभं राहिलं की माणसाचा अहंकार गळून पडतो. हे वाक्य मी आजवर बऱ्याच गिर्यारोहकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते म्हणताना प्रत्येकाची छाती थोडी पुढे आलेली पाहिली आहे. मी स्वतःही ते पुष्कळदा म्हटलं आहे. पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आलो, एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलं, येलहंक्याला घर बांधलं आणि निवृत्त झालो. पण चार माणसं जमली की मी अजून कॉलेजात असताना चढलेले गड काढून बसतो. बायकोच्या मते मधल्या काळात त्या गडांची उंची बरीच वाढली आहे.

गेल्या वर्षी कुद्रेमुखावर जाण्याची वेळ आली ती या सवयीमुळेच.

झालं असं की मुलीनं लग्न ठरवलं. ती एचएसआर लेआउटमधल्या एका छोट्या कंपनीत काम करते आणि मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत. मुलगा मराठी आहे हे कळल्यावर आम्ही दोघं मनातून सुखावलो. त्याच्या वडिलांची भेट होईपर्यंत आमची समजूत होती की मराठी म्हणजे आम्ही.

व्याह्यांचं घराणं सतराव्या शतकात फौजेबरोबर इकडं आलं आणि परत जायचं राहून गेलं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही बेंगळूरला कधी आलात अण्णा?"

"तीस वर्षं होतील आता."

"मग कालच आलात की," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला माझ्याच शहराची ओळख करून द्यायला लागले.

ते त्यांच्या समाजाच्या एका मंडळाचे अध्यक्ष आहेत. अध्यक्ष म्हणून त्यांचं मुख्य काम सत्कार करणं. कुणी निवृत्त झालं, कुणाची नात पास झाली, कुणाची अँजिओप्लास्टी सुखरूप पार पडली, की हे शाल, चंदनाच्या चोयट्यांचा हार, फळांची करंडी आणि पेटा घेऊन हजर. पेटा म्हणजे म्हैसूरच्या थाटाची जरीची पगडी. ती तयार बांधलेलीच असते, टोपीसारखी नुसती डोक्यावर ठेवायची. त्यामुळे एका संध्याकाळी पुष्कळ सत्कार उरकता येतात. माणूस मोठा प्रेमळ, पण समोर मोकळं डोकं दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो.

माझ्या गडांच्या गोष्टी त्यांनी दोन रविवार शांतपणे ऐकून घेतल्या. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "सरी अण्णा, आता आमच्याकडचा एक डोंगर दाखवतो तुम्हाला." आणि कुद्रेमुखाचा बेत ठरला. मंडळाच्या कमिटीतली चाळीस माणसंही बरोबर घ्यायची त्यांची तयारी होती. पण कुद्रेमुख हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि वनखातं शिखरावर रोज मोजक्याच लोकांना सोडतं. मुलीनं ऑनलाइन खटपट करून पाच जणांची परवानगी मिळवली. त्यात मी, बायको, मुलगी, होणारा जावई आणि व्याही असे आम्ही बसलो. विहीणबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगून खालच्या मुक्कामी थांबायचं ठरवलं. कमिटीला व्याह्यांनी जड मनानं कळवलं की सरकारनं लिमिट घातलंय.

निघायच्या दोन दिवस आधी मुलगी येलहंक्याला आली आणि मी चहा करत असताना ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, आम्हाला रजिस्टर लग्न करायचंय. घरची माणसं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवायचं, बास."

"करा की. मला आवडेल."

"त्याचे अप्पा सोमवारी कल्याण मंटप ठरवणारेत. दोन हजार लोक बसतील असा."

"मग त्यानं सांगावं त्यांना."

"तो 'अप्पा' म्हणतो, ते 'काय रे' म्हणतात, हा म्हणतो 'काही नाही'. असं तीनदा झालंय." तिनं साखरेचा डबा माझ्या हातातून काढून घेतला, कारण मी दुसऱ्यांदा साखर घालत होतो. "मी दोन हजार लोकांसमोर चार साड्या बदलत उभी राहणार नाही, बाबा. सोमवारी मंटप ठरला तर मी लग्न पुढं ढकलणार. किती पुढं ते मला माहीत नाही."

ती हे हसत म्हणाली असती तर मी चहा गाळत राहिलो असतो. ती हसत नव्हती.

"तुम्ही सांगा त्यांना," ती म्हणाली. "रविवारी, वर गेल्यावर. शिखरावर माणसाचा अहंकार गळून पडतो ना?"

आपली वाक्यं मुलांनी इतकी नीट ऐकलेली असतात हे आधी माहीत असतं, तर मी कमी बोललो असतो.

रविवारी पहाटे आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी होतो. घरमालकीणबाईंनी विचारलं, दुपारसाठी चित्रान्न बांधून देऊ का? चित्रान्न म्हणजे लिंबू पिळलेला, शेंगदाणे घातलेला फोडणीचा भात. केळीच्या पानांच्या पुड्या तयारच होत्या.

"नको," मी म्हणालो. "वर मिळेल."

होणाऱ्या जावयानं दबकत विचारलं, "काका, वर हॉटेल नाहीये."

"हॉटेल नसतंच रे. घर असतं."

यात माझी काही चूक आहे असं त्या वेळी मला वाटलं नाही, आणि बायकोलाही वाटलं नाही, कारण तीही पुण्याची. आम्हाला डोंगर म्हणजे गड. गड म्हटला की वर पडका दरवाजा असणार, पाण्याचं टाकं असणार, आणि एका झोपडीच्या दारात कुणी मावशी असणार, जी आपण धापा टाकत असतानाच विचारते, "किती ताटं लावू?" मग पिठलं, भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा. गडावर शिदोरी घेऊन जाणं म्हणजे लग्नाला डबा घेऊन जाण्यासारखं. मी व्याह्यांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कौतुकानं मान हलवली आणि आपली पुडी परत केली. सक्तीनं बरोबर घ्यावा लागणारा वनखात्याचा गाइड तेवढा आपली पुडी पिशवीत टाकून गप्प उभा राहिला. त्याला मराठी येत नव्हतं.

चौकीवर वनरक्षकानं सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. प्लास्टिक आत न्यायला बंदी आहे. व्याह्यांच्या पाठीवरच्या सॅकमधून आधी शाल निघाली, मग हार, मग डब्यात जपून ठेवलेला पेटा, आणि शेवटी चकचकीत सेलोफेनमध्ये गुंडाळलेली फळांची करंडी. वनरक्षकानं कन्नडमध्ये विचारलं, हे काय आहे?

"सन्मान," व्याही म्हणाले.

वनरक्षकानं थोडा विचार केला, सेलोफेन फाडून काढला, गुलाबी प्लास्टिकची रिबन सोडून घेतली आणि सन्मान आत जाऊ दिला.

"अप्पा, कुणाचा सत्कार आहे वर?" मुलानं विचारलं.

"वर गेल्यावर कळेल की."

चढण तशी सोपी होती, म्हणजे इतरांना. दऱ्यांच्या घड्यांत दाट झाडी आणि वर नुसतं हिरवं गवत, जणू डोंगरानं मखमल पांघरली आहे आणि काठाला लोकर. मधेच ओढे आडवे येत. पाणी इतकं गार की बूट काढून पलीकडे जाताना माझे गडांचे सगळे किस्से थांबले. व्याही पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि नवे बूट घालून हातात करंडी घेऊन असे चालले होते, जणू वर व्यासपीठ तयार आहे. ते रोज पहाटे बागेत चालतात. मी रोज पहाटे चालायला हवं असं म्हणतो.

मी मागं राहून मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. 'काळ बदलला आहे' अशी सुरुवात करायची, मग मुलांच्या आवडीनिवडी, मग साधेपणाचं सौंदर्य. एका एकट्या उभ्या झाडाखाली व्याही माझी वाट बघत थांबले होते. आसपास कुणी नव्हतं. ही संधी चांगली होती.

"अहो, काय आहे, काळ आता..."

"दमलात काय अण्णा? स्वल्प बसा." त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. "बोलू नका. श्वास घ्या."

त्यांनी बोलू नका म्हटल्यावर मी बोललो नाही. मुलगी पुढच्या वळणावरून मागं बघत होती. मी तिला हातानं 'वर, वर' अशी खूण केली.

शेवटच्या चढावर ढग उतरले. वर सगळे पोचल्यावर काही वेळानं मीही पोचलो. गवताचा एक माथा, रचून ठेवलेले थोडे दगड, आणि चारी बाजूंना पांढरं धुकं. कुदुरे म्हणजे कन्नडमध्ये घोडा. दूरवरून या डोंगराचं टोक घोड्याच्या तोंडासारखं दिसतं म्हणतात. आम्हाला घोडा दिसला नाही, कारण आम्ही त्याच्या तोंडावर उभे होतो. बाकीचं कर्नाटकही दिसलं नाही.

मी धुक्यात थोडं इकडं तिकडं फिरून आलो. तट नव्हता, दरवाजा नव्हता, टाकं नव्हतं. गाइडकडं चौकशी केल्यावर कळलं की खालच्या अंगाला एका जुन्या चर्चच्या भिंती आहेत. तिथं कुणी राहतं का? नाही. कधी राहत होतं का? त्याला माहीत नव्हतं.

"अण्णा काय शोधताहेत अक्का?" व्याह्यांनी बायकोला विचारलं.

"पिठलं," बायको म्हणाली.

गाइड थोडा पलीकडे जाऊन बसला आणि त्यानं केळीच्या पानाची पुडी सोडली. त्या चित्रान्नाचा वास धुक्यातून सावकाश, न चुकता आमच्यापर्यंत आला.

"बाबा," मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता सांगा."

"उपाशी माणसाला?"

"तुम्हीच ठेवलंय त्यांना उपाशी."

मी पुढं झालो, घसा साफ केला, आणि तेवढ्यात व्याह्यांनीही घसा साफ केला. यात त्यांचा सराव जास्त. "सगळ्यांनी स्वल्प इकडं यायचं," ते म्हणाले. मला त्या दगडांच्या राशीजवळ उभं करण्यात आलं. अंगावर शाल आली, गळ्यात हार आला, आणि दोन्ही हातांनी, अगदी हळुवारपणे, डोक्यावर पेटा. मग भाषण. महाराष्ट्रातले असंख्य गड ज्यांनी तरुणपणी सर केले, डोंगर हेच ज्यांचं घर, अशा आमच्या व्याह्यांचा त्यांच्या पर्वतारोहणातल्या कार्याबद्दल आज या शिखरावर, इत्यादी. मी शिखरावर सगळ्यांत शेवटी पोचलो होतो. हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि कुणाचंही लक्ष माझ्याकडं नव्हतं. सगळे करंडीकडं बघत होते.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. पेटा डोक्यावर बसल्यावर माझी मान आपोआप ताठ झाली. आयुष्यभर मी अशा समारंभांची टिंगल केली आहे, आणि मुलगी फोटो काढत होती तेव्हा मी तिला सांगितलं, बाजूनं पण काढ.

भाषण संपलं. पाच जणांनी आणि गाइडनं टाळ्या वाजवल्या. पाचांत मीही होतो. करंडी माझ्या हातात आली, आणि सत्कारमूर्तीनं करंडी घरी न्यायची असते हा रिवाज तिथल्या तिथं मोडण्यात आला. सफरचंदं, मोसंबी, डाळिंबं, आणि मध्यभागी शोभेला एक अननस. सुरी कुणाकडंच नव्हती. अननस दगडाशेजारी पाहुण्यासारखा नुसता बसून राहिला. जावयानं एक डाळिंब दगडावर आपटून फोडलं, त्याचा रस उडाला आणि माझ्या पेट्यावर, जरीच्या बरोबर खाली, एक लाल डाग पडला. व्याह्यांचा चेहरा क्षणभर उतरला. शर्टावर पडला असता तर इतका उतरला नसता. मला वाटलं, किती जीव लावतो हा माणूस दुसऱ्याच्या सन्मानाला.

अर्धं सफरचंद पोटात गेल्यावर मी पुन्हा भाषण आठवायला लागलो, तर व्याह्यांचा फोन वाजला. त्या उंचीवर, धुक्यात, रेंज होती. मंडळाचे खजिनदार होते. त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. जावयानं पाठवलेले फोटो पोचले, पेटा शोभतोय, आणि अध्यक्षांनी आपल्याला नेलं नाही याबद्दल मनात काही ठेवू नये, सरकारनंच लिमिट घातल्यावर ते तरी काय करणार, सगळी कमिटी त्यांच्या पाठीशी आहे.

फोन ठेवून व्याह्यांनी हातातली मोसंबी सोलायला माझ्या बायकोकडं दिली.

"नवल आहे अण्णा," ते म्हणाले. "चाळीस माणसं सोडून आलो. एक जण रागावला नाही."

"रागावतील कसे? नियमच आहे."

"तसं नाही. तुम्हाला माहीत नाही आमची माणसं. मागं एका बारशाला एका घराला बोलवायचं राहिलं, तर ते लोक अजून मला बघून रस्ता बदलतात. मी सगळ्यांच्या लग्नात जेवलोय. आता मुलाचं लग्न म्हटल्यावर कुणाला सोडू मी? मला झोप नाही अण्णा, महिना झाला. दोन हजार माणसं मला तरी कुठं हवी आहेत?"

हे ऐकल्यावर माझं भाषण एकदम निरुपयोगी झालं. त्यातलं एकही वाक्य या माणसाला लागू नव्हतं. मुलगी आणि मुलगा दोघं हलायचे थांबले होते. मी तोंड उघडलं, पण बोलली माझी बायको. मोसंबीची साल काढता काढता, वर न बघता.

"रजिस्ट्रारकडं तर साक्षीदार तीनच लागतात म्हणे."

"तीन?" व्याही म्हणाले.

"तीनच."

"म्हणजे लिमिट आहे?"

बायकोनं एक फोड तोंडात टाकली. "कायद्यात तीन लिहिलंय."

"सरकारी कायदा?"

"पूर्ण सरकारी."

व्याही उठून उभे राहिले. धुक्याकडं तोंड करून त्यांनी हात पाठीमागं बांधले. मुलाला बहुधा वाटलं, आता की कधीच नाही.

"अप्पा," तो म्हणाला.

"काय रे?"

"आम्हाला ते... तसंच हवंय. रजिस्टर."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं काय तुझं?" व्याही वळले. "आधी सांगितलं असतंस तर मी महिनाभर झोपलो असतो की!" मग एकदम अध्यक्षांचा आवाज लावून ते म्हणाले, "उद्या मंटप बेडा. सगळ्यांना सांगतो, आमची फार इच्छा होती, पण सरकारी लिमिट आहे."

बेडा म्हणजे नको. मुलीनं पुढं होऊन त्यांना मिठी मारली, आणि त्यांना इतकं अवघडल्यासारखं झालं की त्यांनी तिच्या हातात अननस दिला.

उतरताना मी पेटा काढला नाही. वारा होता हे कारण मी सांगितलं. चौकीवर सकाळी माझी पिशवी उलटी करणाऱ्या वनरक्षकानं मला बघून हात जोडले. मी शांतपणे मान झुकवली, जरीला धक्का लागणार नाही इतपत. मुक्कामावर पोचल्यावर मालकीणबाईंनी उरलेलं चित्रान्न वाढलं. ते आम्ही कसं खाल्लं याचे फोटो मुलीकडं आहेत. जेवणानंतर व्याह्यांनी पेटा माझ्या डोक्यावरून अलगद उतरवला आणि डब्यात ठेवला. "मी नेतो अण्णा, स्वल्प साफ करून घेतो," म्हणाले.

घरी आल्यावर मी बैठकीतल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. कारखान्यानं निवृत्तीच्या वेळी दिलेलं घड्याळ खालच्या कप्प्यात सरकवलं. बायकोनं विचारलं, "इथं काय येणार आहे?" मी म्हणालो, काही नाही, जरा मोकळं बरं दिसतं. आठवडे गेले. पेट्याबद्दल स्वतःहून विचारणं मला बरं दिसेना.

लग्न मार्गशीर्षात झालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात आम्ही मोजकी माणसं होतो. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांच्याकडून व्याह्यांना सांत्वनाचे फोन येत होते, आणि ते प्रत्येकाला खालच्या आवाजात सांगत होते, काय करणार, कायदाच तसा आहे. मुलगी एकाच साडीत होती आणि खूप हसत होती. मी साक्षीदार म्हणून सही केली. रजिस्ट्रारनं कागद आवरले, तसा व्याह्यांनी घसा साफ केला.

सॅकमधून शाल निघाली, हार निघाला, आणि डब्यातून पेटा. त्यांनी तो रजिस्ट्रारच्या डोक्यावर दोन्ही हातांनी, अगदी हळुवारपणे ठेवला. भाषण सुरू झालं. मी उगाच चार पावलं चालून रजिस्ट्रारच्या खुर्चीमागं गेलो. मागच्या बाजूला वळवून घेतलेल्या जरीच्या खाली डाळिंबाचा डाग होता.

भाषण त्यांच्या मानानं फारच लहान झालं. रजिस्ट्रार अजून फोटोसाठी मान ताठ करून बसले होते, तोच व्याह्यांनी पेटा उतरवला, डब्यात ठेवला आणि मुलाला गाडी काढायला सांगितली. पेटा भाड्याचा होता, आणि दुकान बंद व्हायच्या आत परत करायचा होता.